पंखा घेऊन संभाजीनगरला

९ फेब्रुवारी. सकाळपासून शाली वाळत घालते आहे. छत्रपती संभाजीनगरहून काल परतलो तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि शाली जास्त होत्या. खाडीकाठच्या आमच्या गावात शाल पांघरावी अशी थंडी पडत नाही. पण दोन दिवस बॅगेत राहिली तर तिला बुरशी मात्र नक्की लागते. म्हणून दोरीवर घातल्या. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "बाई, कुणाचं लग्न होतं?" तिला सांगितलं, लग्न नव्हतं, मुलींना कामाचा अनुभव द्यायला नेलं होतं. ती शालींकडे बघत राहिली.

राजापूरच्या पुढे खाडी ओलांडली की आमची शाळा लागते. मी विज्ञान शिकवते. तीन वर्षांपूर्वी शाळेत इलेक्ट्रिकलचा व्यवसाय-विषय आला आणि शिक्षक न आल्यामुळे तोही माझ्याकडे आला. या विषयाला एक नियम आहे: मुलांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन काही दिवस काम शिकायचं. तालुक्याच्या बाजारात मोटारी भरणारे, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देणारे, दोघे आहेत. पण ते पडले जवळचे. जवळच्या माणसाकडून शिकलेलं कागदोपत्री शोभत नाही. कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं आणि आमच्या वाट्याला महाराष्ट्राचं दुसरं टोक आलं. मी, नववीच्या सात मुली आणि एक पंखा असे आम्ही निघालो.

पंख्याचं सांगायला हवं, कारण सगळी कथा त्याचीच आहे. तो सातांतल्या मनीषाचा. म्हणजे तिच्या घरचा, छताला टांगायचा, गेल्या उन्हाळ्यात जळलेला. पाती काढून नुसती मोटार तिने तांदळाच्या पिशवीत घातली होती. मनीषाला दहावीनंतर आयटीआयला जायचं आहे. तिच्या बाबांच्या मते नववी पुष्कळ झाली. मुंबईच्या आत्याला बाळ झालंय, तिथं राहावं, बाळ सांभाळावं, घरात मदत करावी. मी त्यांच्याकडे जाऊन बोलले होते. ते होडीला डांबर लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "बाई, कागद आनून दाखवू नका. कागद माझ्या थोरल्या पोरानं पन आनलान, कामाला नाय आला. ह्यो पंखा तिनं आपल्या हातानं भरून आनला, तर शिकू दे. नायतर मे महिन्यात मुंबई."

बाजारातल्या दोघा मोटारवाल्यांनी तिला आधीच दारातून परत पाठवलं होतं. मुलगी दुकानात बसलेली दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल, अशी त्यांना काळजी. तेव्हा तिचा सगळा भरवसा संभाजीनगरवर.

वाळूजकडे

तिथले आमचे समन्वयक शिंदेसाहेब. सज्जन माणूस. काखेत कायम गुंडाळलेला बॅनर. माणूस दिसला की उलगडायचा, भिंत दिसली की लावायचा. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात नेलं. फाटकावरच अडलो. पहारेकऱ्याने तांदळाची पिशवी उघडली, आत काळं, जड, तारा लोंबणारं काहीतरी पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

"हे काय हाय?"

"पंखा," मनीषा म्हणाली.

"पाती कुठंयत?"

"घरी."

या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही. तिघे साहेब आले, पंखा एकेकाने हातात घेऊन पाहिला, आणि शेवटी तो फाटकाच्या खोलीत कुलपात ठेवला गेला. कारखान्यात जाऊन पंखा दुरुस्त करायची मनीषाची योजना इथेच संपली.

आत स्वागताची तयारी जंगी होती. खास माणूस बोलावून आम्हा सर्वांना फेटे बांधले. गुलाबी, झिरमिळ्यांचे. मुली खूश. दीप लावून झाला, नारळ झाला, शाली झाल्या, भाषणं झाली. मग सुरक्षा अधिकारी आले आणि म्हणाले, हेल्मेटशिवाय यंत्रांजवळ जाता येणार नाही. हेल्मेट आणली. ती फेट्यावर बसेनात. एकाने दाबून पाहिलं. मी म्हटलं, फेटे काढू या. शिंदेसाहेबांचा चेहरा पडला.

"मॅडम, फेटा मानाचा असतोय. पाहुण्याच्या डोक्यावरचा उतरवायचा म्हणजे..."

"मग हेल्मेट घालू नका."

"तो नियम हाये ना."

मान आणि नियम यांचा बराच वेळ विचारविनिमय झाला आणि तोडगा निघाला: आम्ही यंत्रं काचेच्या दाराबाहेरून पाहिली. आतले कामगार आमच्या फेट्यांकडे पाहत होते, आम्ही त्यांच्या यंत्रांकडे. मला वाटतं, त्यांची करमणूक जास्त झाली. मग फोटोसाठी एक बंद पडलेलं यंत्र अंगणात आणलं, मनीषाच्या हातात पाना दिला, फोटो काढला आणि पाना परत घेतला.

जेवण मात्र लग्नासारखं होतं. पुरी, जिलेबी, मठ्ठा. वाढणारा माणूस नको म्हटलेलं ऐकतच नव्हता. आमच्याकडे असं नाही. आंब्याच्या दिवसांत पाहुणा आला तर आम्ही त्याला आधी पेटीत घालायचं गवत देतो, चार पेट्या भरल्या की चहा. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. इथे पाहुण्याने स्वतःचं ताट उचललं तरी चारजण धावत येतात. शहराच्या नळाला पाणी रोज येत नाही, टँकरच्या मागे बायका कळशा घेऊन उभ्या दिसल्या. पण आम्हाला प्रत्येक दारात भरलेला तांब्या. मी अर्धा पेला मागितला तर एका घरच्या बाई रागावल्या, "पानी मोजून द्यायचे दिवस आले व्हय आमच्यावर?" हा चांगुलपणा खरा आहे. म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही.

पैठण

दुसऱ्या दिवशी एसटीने पैठण. इलेक्ट्रिकलच्या मुलींना पैठणीचा काय उपयोग, असं मी विचारलं. शिंदेसाहेब म्हणाले, "मॅडम, इथपर्यंत आलात आन पैठणी पाहिली नाय, असं कसं?" आम्ही पाहायला गेलो.

मागावर पदर होता आणि पदरावर मोर. मोराला हात लावायचा नाही, मागाला टेकायचं नाही, धागे मोजायचे नाहीत. फोटोपुरतं एका मुलीला बसवलं; तिने इतक्या भक्तिभावाने आडवा धागा नेणारा धोटा ओढला की धागा तुटला. विणणाऱ्या बाईने तिला अलगद बाजूला केलं आणि आम्हा सर्वांना चहा मागवला. इथे रागवायच्या ऐवजी चहा मागवतात, हे मी तोपर्यंत ओळखलं होतं. नंतर जायकवाडीचं धरण पाहिलं. एवढं मोठं पाणी बघून आमच्या मुलींना घरची आठवण झाली. त्यांनी एकमुखाने विचारलं, इथे मासे मिळतात का. मासे मिळाले नाहीत, शाली मिळाल्या.

परतताना मनीषा शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"बाई, उद्या पण फोटोच आहेत?"

"उद्या मोटारीचं दुकान आहे. मी स्वतः फोन केलाय."

"ते तरी हात लावू देतील?"

मी हो म्हटलं नाही. खोटा धीर देण्यात वेळ जातो.

हर्सूलच्या रस्त्यावर

सकाळी दोन रिक्षा केल्या. आमच्या रिक्षावाल्याने दोन दिवसांची हकीकत ऐकून घेतली. हर्सूलचा तुरुंग आला तशी रिक्षा हळू केली आणि मानेनेच भिंत दाखवली.

"म्याडम, बच्च्यांको काम होना ना? इधर अर्जी देओ. पहले दिनसेच काम देते. शाल भी नै देते."

सगळ्या प्रवासात मला मिळालेली ही एकमेव नेमकी माहिती.

पुढे रस्त्यालगत बाबुरावांचं दुकान. शेतातल्या पाणबुडी मोटारी, पंखे, मिक्सर, जे जळेल ते भरून देणारं. बाबुराव पैठणकडच्या शेतकरी घरातले. जमीन भावाकडे ठेवून शहरात आलेले. दुकान पुढे, घर मागे. उन्हाळ्यात जळक्या मोटारींची रांग लागते तेव्हा त्यांची बायको सुमनताईही तार गुंडाळायला बसते. पाटीवर मात्र नाव 'बाबुराव आणि सन्स' असं आहे. सन एकच, तो पुण्याला बँकेत.

बाबुरावांनी मुलींना पाहिलं आणि हात जोडले. "या, या. बसा. सुमन, पोरी आल्या गं!" दुकानात बसायला जागा नव्हती तर शेजारून खुर्च्या आणल्या. मनीषाने पंखा बाकावर ठेवला आणि बाही वर केली.

"काका, हा भरायला शिकायचाय."

"शिकशील ना बेटा. आधी जेवून घ्या."

सकाळचे दहा वाजले होते. पण सुमनताईंनी पहाटेपासून खपून येसराची आमटी, भाकरी आणि ठेचा केला होता, तेव्हा आम्ही मागे जाऊन जेवलो. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ती आमटी मी दोनदा घेतली, हे कबूल करते. मुली ठेच्याने रडल्या. मनीषा भराभर जेवून आधी उठली.

मी हात धुऊन पुढे आले तर ती बाकाशी उभी होती. तिचा पंखा उघडलेला, जळकी तार कापून खाली पडलेली, आणि निम्म्या खाचांत नवीन लालबुंद तांबं भरलेलं. बाबुराव घाम पुसत हसत होते.

"बघा म्याडम! तुम्ही जेवत होता तवर निम्मा केला. दुपारपर्यंत देतो करून. पैसे नाय घ्यायचो. लेकीचा पंखा."

मनीषाने नवीन तारेवरून एकदा बोट फिरवलं.

"काका, हे सोडा."

"आं?"

"काढून टाका. मला भरायचाय."

बाबुरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि चेहरा उतरला. मी त्यांना होडीची, डांबराची, आत्याच्या बाळाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली आणि पाच सेकंदांत मार्ग काढला.

"मग सांगूच नका ना बापाला! पोरीनंच केला म्हणा. आमी काय साक्षीला येतो का तिकडं?"

शिंदेसाहेब बॅनर लावायला खिळा शोधत होते. ते वळून म्हणाले, "बरोबर हाये. शेवटी पंखा फिरल्याशी मतलब. अहवालात आपण 'विद्यार्थिनीने दुरुस्त केला' असंच लिहू."

मी मनीषाकडे पाहिलं. सोपं होतं. पंखा फिरला असता, बाबांनी शब्द पाळला असता.

"आणि पुढच्या वर्षी परत जळला तर?" ती म्हणाली. "तेव्हा बाबा मलाच काढायला सांगतील."

शिंदेसाहेब परत खिळा शोधू लागले. बाबुराव मात्र वेगळ्याच अडचणीत होते. ते माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून बोलले. "म्याडम, तुमी समजून घ्या. लेकीबाळी पाहुण्या आल्या आन आमी त्यांच्याकडून काम करून घेतलं, असं गावात कळलं तर तोंड कुठं दाखवू? पाहुणीला काम सांगायची आमच्यात पद्धत नाय."

दोन दिवसांचे फेटे आणि मठ्ठा माझ्या डोक्यात गेला होता.

"मग तिला पाहुणी धरू नका," मी म्हटलं. "सून धरा. तुमच्याकडे काय अन् आमच्याकडे काय, सून आल्या दिवशी कामाला लावतात. तिला कुणी शाल देत नाही, फेटा बांधत नाही आणि हेल्मेट घालत नाही."

मागच्या दारात सुमनताई उभ्या होत्या. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

"आता बोला की! मी आले तवा हाताची मेंदी गेली नव्हती, पाटा-वरवंटा दिला तुमच्या आईनं हातात. तवा नाय आडवी आली तुमची पद्धत?"

"अगं, ते येगळं..."

"काय येगळं? पाहुणी व्हते का मी? सरका तिकडं. बस गं बाळा."

आणि त्यांनी स्वतः कात्री घेऊन नवऱ्याने भरलेली तार कापून काढली. बाबुराव ती खाली पडताना बघत राहिले. नवीन तांब्याची तार, कुणाच्याही जिवाला लागेल. मग त्यांनी खुर्ची मागे सारून एक स्टूल पुढे केलं.

त्यानंतर जे झालं ते शिक्षण. 'बेटा' गेलं आणि 'अगं ए' आलं. "अगं ए, कागद आधी घाल खाचंत! तार नागडी लागली लोखंडाला तर परत जळंल." "अगं, ओढू नको तेवढी, म्हैस बांधतीस व्हय?" चहाचं कुणी विचारलं नाही. दुपारी गिऱ्हाईक आलं, एक शेतकरी. त्याने स्टुलावरच्या मुलीकडे पाहून विचारलं, "ही कोण?" बाबुराव मान वर न करता म्हणाले, "घरची हाय." गिऱ्हाईक काय म्हणेल याची आमच्या बाजाराला केवढी चिंता! ते म्हणालं, "माझी मोटार कवा देता?"

संध्याकाळपर्यंत तिने दोनदा भरलं आणि दोनदा उसवलं.

दुसऱ्या दिवशी वेरूळ

असं शिंदेसाहेबांच्या कार्यक्रमपत्रिकेत होतं. गाडी ठरलेली, तिकडच्या शाली आलेल्या. मी मुलींना सांगितलं की आपण दुकानात जातोय. सहाजणी रुसल्या. मला एकटीला दोन ठिकाणी राहता येत नव्हतं आणि मुली शिंदेसाहेबांच्या बॅनरबरोबर एकट्या पाठवणार नव्हते.

"मॅडम, वेरूळ!" शिंदेसाहेब जवळजवळ रडवेले झाले. "काम काय, कुठंबी असतंय. वेरूळ इथंच हाये."

"इतकी शतकं थांबलंय. आणखी थोडं थांबेल."

सहाजणींना बाबुरावांनी भंगारातले टेबल फॅन दिले: सोडा, साफ करा, जोडा. एकीचं नख मोडलं, एकीने चुकीचा स्क्रू इतका आवळला की तो अजून तिथेच असेल. तिसरी दर अर्ध्या तासाने म्हणत होती, "बाई, निदान मोबाइलमध्ये तरी वेरूळ दाखवा." मी दाखवलं. वेरूळ न बघता आलेली बाई असा माझा लौकिक शाळेत आता कायमचा झाला आहे.

दुपारी मनीषाने शेवटचा सांधा जोडला. बाबुरावांनी तपासला, दोन वायरी लावल्या, आणि बटण तिलाच दाबायला लावलं. मोटार गुरगुरली. थांबली. मग फिरायला लागली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," मनीषा म्हणाली. "उलटा फिरतोय."

खरंच उलटा फिरत होता. असा लावला तर वारा छताला लागला असता. बाबुरावांना ते आधीच दिसलं असणार, पण ते तंबाखू मळत राहिले. ती पंख्यासमोर बसून राहिली, ओठ हलत होते. मग बटण बंद केलं, दोन टोकं सोडली, अदलाबदल करून जोडली. पंखा सुलटा फिरला. बाबुराव म्हणाले, "वार्निश मार. सुकू दे. तवर हात लावायचा नाय." एवढंच. घरच्या माणसाचं कौतुक करायची त्यांच्यात पद्धत नसावी; आमच्यातही नाही.

निघताना शिंदेसाहेबांनी शालींचा गठ्ठा उघडला. बाबुरावांनी सहाजणींना शाली घातल्या, मला घातली. मनीषापाशी आले आणि शाल परत गठ्ठ्यावर टाकली.

"घरच्या पोरीला कसली शाल?"

सुमनताईंनी तिच्या पिशवीत, पंख्याच्या शेजारी, येसराची पुडी कोंबली.

९ फेब्रुवारीचीच संध्याकाळ, गावात

शाली दोरीवर ठेवून मी मनीषाकडे गेले. तिच्या बाबांनी पंखा टांगून ठेवला होता, पाती बसवली होती, पण बटण दाबलं नव्हतं. बहुतेक माझी वाट पाहत होते. मनीषाने दाबलं. आधी किरकिरला, मग लागला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. ते मान वर करून उभे राहिले.

"कुनी केलान ह्यो?"

"मी."

"आनि बाई?"

"बाई बसून होत्या."

"दुकानातनं करून आनला असशील."

मला बोलायचं होतं. पण मनीषाने तोवर स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि बटणाकडे बोट दाखवलं. "बंद करा. खाली काढते, तार कापते, तुमच्यासमोर परत भरते. तार तेवढी तुम्ही आणून द्या."

 बाबा पंख्याच्या बरोबर खाली मांडी घालून बसले.

"उतर. ऱ्हाऊं दे आता. गरम होतंय." थोड्या वेळाने खिशातून फोन काढला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "आत्याला सांगतो, दुसरं कोनतरी बघ म्हनून."

घरी आले तर मुख्याध्यापकांचा निरोप होता: उद्या सकाळी त्यांच्या खोलीत सातही मुलींचा सत्कार, शाली माझ्याकडे आहेतच तर त्याच घेऊन याव्यात.

१० फेब्रुवारी

शाली घेऊन गेले. एक तास आधी गेले. शिपायाकडून शिडी घेतली आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतला पंखा खाली उतरवला. तो कधीपासून बंद आहे ते त्यांनाही आठवत नाही. प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला आणि मुलींनाही तिथेच बोलावलं. दोन शाली फाडून पुसायची फडकी केली. मुख्याध्यापक नारळ घेऊन आम्हाला शोधत आले आणि दारातच थबकले. मी मनीषाच्या हातात कात्री दिली, बाकीच्या सहाजणींना स्टुलं दिली, आणि चहाचं कुणालाच विचारलं नाही.